सांजच्या तापातली मेंढरं

मनगटातली दोन्ही चांदीची कडी ती उतरवायची आणि शेजारी जो कुणी उभा असेल त्याच्या हातात ठेवायची. "धरा," एवढंच म्हणायची. तो सरपंच असो, सोसायटीचा चेअरमन असो, नाहीतर रस्त्यानं चाललेला कुणी परका असो, तिला फरक पडत नसे. मग पदर खोचून ती अडलेल्या मेंढीमागं उकिडवी बसायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "घाई नाय बाई, घाई नाय."

ती कडी पहिल्यांदा माझ्या हातात पडली तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि स्वतःला बराच मोठा माणूस समजत होतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात मलमपट्टी करणारा मी, पद व्रणोपचारक. हा शब्द माझ्या बायकोलासुद्धा लग्नानंतर दोन वर्षांनी नीट म्हणता आला. गावानं ती खटपटच केली नाही, 'छोटं डॉक्टर' म्हणून मोकळं झालं. तर हे छोटे डॉक्टर पायात गमबूट, खांद्याला बॅग अशा थाटात डिंगोऱ्याबाहेरच्या एका रानात पोचले आणि पोचल्या पोचल्या हातात दोन कडी घेऊन उभे राहिले. बॅग उघडायची राहूनच गेली.

कोकरू आलं ते भिजलेल्या फडक्यासारखं. हलेना. मी मनात म्हटलं, गेलं हे. तिनं पदराच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, त्याचं सगळं नाकाड आपल्या तोंडात घेतलं आणि फुंकर घातली. थांबली. पुन्हा घातली. तिसऱ्या फुंकरीला कोकराच्या बरगड्या हलल्या आणि ते शिंकलं. ती मागं सरकून मातीत बसली, हाताच्या पाठीनं तोंड पुसलं आणि आम्हा उभ्या माणसांकडे बघून म्हणाली, "आला पावणा. बसा आता."

आम्ही सगळे मुकाट्यानं ढेकळांवर बसलो. का बसलो ते विचारू नका. तिनं बसा म्हटलं की माणूस बसायचा.

सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही म्हणायचो. नाव लिहीत नाही. एकदा लसीकरणाच्या रजिस्टरात लिहायला मी तिचं नाव विचारलं होतं तर म्हणाली, "कागदावर माझं नाव कशाला? लस मेंढराला टोचताय का मला?" तिचं घर आण्याच्या पठारावर, पण घर फक्त पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली की मेंढरं, सात-आठ शेळ्या, दोन घोडी, कुत्री, कोंबड्या, लेक आणि सून असं सगळं बिऱ्हाड घेऊन ती पश्चिमेला निघायची. तोवर आमच्याकडची रानं मोकळी झालेली असत. खतासाठी शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवून घेत, आज याच्या, परवा त्याच्या. मग घाट उतरून कोकण, आणि वैशाखात त्याच वाटेनं माघारी. माझं वर्ष त्या येण्याजाण्यावर मोजलं जायचं. दवाखान्याच्या खिडकीतून रस्त्यावर धूळ उठलेली दिसली की मी शिपायाला म्हणायचो, "चहा टाक, आक्का आली."

खरं सांगायचं तर गावाला आमच्यापेक्षा तीच जास्त लागायची. आमचे साहेब एक आणि त्यांच्याकडे दवाखाने तीन. त्यामुळे म्हैस अडली, शेळी अडली की माणसं आधी विचारायची, आक्काची मेंढरं कुणाच्या रानात आहेत? तिला न्यायला मोटारसायकल जायची आणि मागून मी. मी पोचेपर्यंत कडी कुणाच्या तरी हातात असायची. मग ती त्या माणसाच्या हातातून माझ्या हातात यायची, तेवढीच माझी बढती.

माझ्या बॅगेत रबरी हातमोजे असत. कोपरापर्यंत येणारे, सरकारी. सुरुवातीला एकदा मी ते तिच्यापुढं धरले. तिनं एक बोटात घालून पाहिला, फुगवून पाहिला, कुत्र्याला हुंगायला दिला आणि परत केला. "भाऊ, लेकराला आंघुळ घालताना कुणी हातमोजं घालतं का?"

मी हसलो. तुम्हीही हसला असता. ते हसणं मला पुढं फार महागात पडलं.

आणखी एक तिचं. म्हैस व्याली की तिची वार, रेडकामागून पडते ती, उरल्यासुरल्या चाऱ्यात बांधून वडाला टांगतात, म्हणजे दूध वाढतं, हे तुम्ही पाहिलं असेल. आक्का शेळ्यामेंढ्यांची वारही टांगायची. हातानं गोळा करायची, कडब्यात गुंडाळायची आणि ज्या रानात मुक्काम असेल तिथल्या उंबराला नाहीतर वडाला लटकवायची. तिच्या वाटेवरची झाडं मला ओळखू यायची ती या गाठोड्यांवरून. "झाडाला चीक आसतो, तिला चीक येतो," ती म्हणायची. माझ्या आईनंही हेच केलं होतं.

आता तो तक्ता. दवाखान्यात माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता, जनावरांपासून माणसाला होणाऱ्या आजारांचा. गाय, शेळी, डुक्कर आणि एक माणूस, आणि त्यांच्यामधून धावणारे लाल बाण. येणारा प्रत्येक शेतकरी तो तक्ता बघायचा. मला तो कधी दिसला नाही, कारण मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. इतकी वर्षं.

आक्काच्या सुनेला सहा वर्षं मूल नव्हतं. आक्का त्यावर कधी बोलायची नाही. पण कुणाचंही जनावर व्यायलं, की कडी परत घेताना सुनेकडे एकदा बघायची. मग एका दिवाळीनंतर बिऱ्हाड आलं तेव्हा सून घोड्यावर बसलेली होती, पुढ्यात कोंबड्यांची पाटी, मागं भांड्यांचं ओझं. आक्का लगाम धरून पुढं चालत होती. मी बघतच राहिलो. ती लांबूनच म्हणाली, "बघता काय भाऊ, वझं जड हाय. जपून आणायचं हाय."

त्या हिवाळ्यात तिच्या शेळ्या गाभडल्या. दोन दिवसांत तीन शेळ्या, मग चार मेंढ्या. भरत आलेले गाभ टाकले. मी गेलो तेव्हा आक्का प्रत्येकीजवळ बसून उठली होती. हात कोपरापर्यंत भरलेले. गेलेल्या करडांनाही तिनं फुंकर घातली होती, गेलेलं आहे हे दिसत असून. "इचारून बघावं एकदा," म्हणाली. साहेब दुसऱ्या दवाखान्यात होते. नमुने काढून प्रयोगशाळेला पाठवायला हवे होते. मी रजिस्टरात लिहिलं, गर्भपात, कारण अज्ञात. तिला म्हटलं, सगळं खोल पुरून टाका. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी उंबरावर सात गाठोडी होती.

आणि दूध. शेळ्यांना कास आली होती आणि प्यायला करडं नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो तेव्हा आक्का त्यातल्या एका शेळीच्या कासेशी बसली होती. पितळी पेल्यात धार काढत होती, फेसाळ, कोमट. पेला भरला तसा तिनं तो न उकळता, न गाळता सुनेपुढं धरला. "पी पोरी. हिचं लेकरू ग्येलं, दूध कशाला वाया घालवायचं? आपल्या लेकराच्या अंगी लागंल." सून लाजून माझ्याकडे पाठ करून प्यायली.

मी तिथंच उभा होतो. मी म्हणालो, "चांगलंय. निरशा दुधानं ताकद येते."

हे वाक्य मी म्हणालो होतो. दुसऱ्या कुणी नाही.

ते कोकणात उतरले. वैशाखात धूळ उठली आणि मी चहा टाकायला सांगितला. पण यावेळी घोड्यांवर दोघी होत्या, एकावर सून, सात महिन्यांची भरलेली, आणि दुसऱ्यावर आक्का. आक्का घोड्यावर मी कधी पाहिली नव्हती. उतरताना तिनं कमरेला हात लावला आणि क्षणभर डोळे मिटले.

"ताप हाय," ती म्हणाली. "सांजचा येतो. सकाळी जातो. पावण्यासारखा वागतो, त्रास काय नाय."

लेकानं तिला तीन ठिकाणी दाखवलं होतं. एकानं मलेरियाची औषधं दिली, एकानं टायफॉइडची, तिसऱ्यानं कमरेची सुई. ताप आठ दिवस जायचा, पुन्हा यायचा. सांधे धरायचे. पहाटे अंग एवढं घामेजायचं की चोळी पिळावी.

आणि त्या तापाबद्दल ती जे बोलायची ते मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या दिवसांत दवाखाना बंद झाला की मी तिच्या मुक्कामावर जाऊन बसायचो. बाभळीखाली घोंगडी, घोंगडीवर ती, चुलीचा धूर सरळ वर चाललेला. ऊन उतरू लागलं की तिचे डोळे चकाकायचे, गाल तापायचे आणि ती रानाच्या मोकळ्या अंगाला बघू लागायची.

"आली," ती हळूच म्हणायची.

"कोण आली, आक्का?"

"बांडी. ती बघा, कान तुटलेली. मी न्हाण आल्याच्या वर्षी मेली व्हती, लांडग्यानं न्हेली. तिच्या मागं काळतोंडी."

मी बघायचो. समोर कापून गेलेल्या गव्हाची धसकटं, वर केशरी धूळ, लांब कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार. बाकी काही नाही. तिला मात्र एकेक मेंढी नावानिशी दिसायची. आयुष्यभरात मेलेली सगळी मेंढरं, म्हातारी होऊन मेलेली, पुरात गेलेली, वाघानं नेलेली, आणि कोकरं, ज्यांना तिची फुंकर पोचली नव्हती ती. सगळी सांजच्याला घरी यायची.

"डिंब्याच्या पाण्यातनं येत्यात," तिनं मला एकदा सांगितलं. धरण होण्याआधी तिच्या बापाची मेंढरं त्या खोऱ्यात बसायची, आता जिथं पाणी आहे तिथं. "पाण्याखालनं चालत येत्यात. वर येत्यात ती कोरडी. एकीचीबी लोकर भिजत नाय. मी हात फिरवते ना, ऊन लागतं हाताला."

"भीती वाटत नाही?"

"भ्या कसलं? माझीच हायेत." मग म्हणाली, "भाऊ, खरं सांगू? ताप जावा आसं वाटत नाय मला. कंबर दुखती ती दुखू दे. पर सांज झाली की वाट बघते मी."

तिथं बसलं की मलाही काहीतरी व्हायचं. दिवसभर जनावरांच्या पाठीमागं फिरलेला माणूस मी, स्वप्नं पडायचं वय गेलेलं. पण तिच्या त्या तापलेल्या आवाजात मेंढरांची नावं ऐकता ऐकता वारा पडायचा, आणि एखाद्या वेळी मला खरंच वाटायचं की घोंगडीच्या कडेला काहीतरी ऊबदार येऊन टेकलं आहे. मी पाय आखडून घ्यायचो, जागा करून द्यायचो. घरी गेल्यावर बायको विचारायची, कुठं होतात? मी सांगायचो, आक्काकडं.

याच सुमारास दवाखान्याला रंग दिला. रंगाऱ्यानं सगळं उतरवलं आणि परत लावताना तो तक्ता माझ्या मागं न लावता समोर लावला. सकाळी मी खुर्चीत बसलो, वर बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो वाचला.

ब्रुसेलोसिस. शेळ्या-मेंढ्या गाभडतात. उघड्या हातानं वार हाताळल्यानं आणि निरसं दूध प्यायल्यानं माणसाला होतो. येणारा-जाणारा ताप, घाम, सांधेदुखी, कंबरदुखी. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: गरोदर स्त्रीचा गर्भपात होऊ शकतो.

मी ते दोनदा वाचलं नाही. गाडीला किक मारली आणि त्याच दिवशी आक्का, लेक आणि सून यांना सरकारी रुग्णालयात नेलं.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या भाचीएवढ्या. पण आक्काचे हात हातात घेऊन त्यांनी जे पहिलं विचारलं ते आधीच्या तिघांनी विचारलं नव्हतं. "आजी, काय काम करता?" आक्कानं सांगितलं. बाईंनी तिघांचं रक्त काढलं, आक्काचं, सुनेचं आणि लेकाचं. मी माझाही दंड पुढं केला.

लेकाच्या आणि माझ्या रक्तात काही निघालं नाही. कडी धरणाऱ्याला काय होणार? आक्काच्या रक्तात भरपूर निघालं. आणि सुनेच्याही निघालं.

रुग्णालयाच्या आवारात कडुनिंबाखाली मी आक्काला हे समजावून सांगितलं. दुसरं कुणी सांगू नये असं मला वाटलं. शेळी का गाभडली, तो रोग दुधात कसा उतरतो, ते दूध कुणाच्या पोटात गेलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मी पाजलं."

"मी बघत होतो, आक्का. मी चांगलं म्हणालो होतो."

"पेला माझ्या हातात व्हता."

"बाळ वाचंल का?" हे तिनं मला नाही विचारलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, सुनेला वेगळं, पोटातल्या बाळाला चालेल असं औषध देते, दिवस भरत आलेत, सहा आठवडे एकही गोळी चुकवायची नाही, मग बघू. आक्कालाही सहा आठवडे. जनावराच्या बाळंतपणाजवळ दोघींनीही फिरकायचं नाही. आणि गोळ्यांनी लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी होतं, घाबरायचं नाही.

बाईंनी हेही सांगितलं की हा रोग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. आक्कानं ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. त्या दिवसापासून ती सुनेला शिवली नाही. ताट वेगळं, घोंगडी वेगळी. सून रडली, लेक चिडला, मी तक्त्यावरचं वाचून दाखवलं. आक्का म्हणाली, "तक्ता तुमच्या मागं व्हता तवा तुमी कुठं वाचला? आता मला वाचून दावताय."

तिनं आणखी एक केलं. मेंढरांसमोर उभी राहून म्हणाली, "घरात पावणा यीस्तवर मी तुमच्यातल्या कुणाला हात लावणार नाय. तुमचं तुमी बघा." मेंढरं चरत होती. एकीनंही वर बघितलं नाही.

त्या सगळ्या मेंढराशेळ्यांचं रक्त आम्ही तपासलं, ज्यांच्यात निघालं त्या वेगळ्या बांधल्या, पडणारी वार चुनखडी टाकून पुरली. ही सगळी कामं आधीच्या हिवाळ्यात करायची होती.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी फोन आला. लेक सुनेला तपासायला घेऊन गेला होता, आणि इकडे एक मेंढी अडली होती. आक्कानं शेतकऱ्याच्या फोनवरून मला एवढंच सांगितलं, "या. मी हात लावणार नाय."

मी गेलो. ती मेंढीपासून दहा पावलांवर उभी होती, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. मी हातमोजे काढले. घड्याळ उतरवलं, रुमालात गुंडाळलं आणि शेजारी दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिच्याजवळ गेलो. "धरा," म्हणालो. म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. तिनं रुमाल घेतला.

तिथून ती मला सांगत होती. "डावीकडनं जावा. घाई नाय. त्यो पाय नाय, मान हाय. ती मागं लोटा. आता पाय शोधा." रबरातून मला काही कळत नव्हतं. तिच्या हातांना जे दोन मिनिटांत कळलं असतं ते मला अर्ध्या तासात कळलं. कोकरू बाहेर आलं ते ओलं, पांढरं आणि गप्प.

"नाकात काडी घाला."

घातली.

"मागल्या पायांनी धरा. उलटं हालवा."

हलवलं. छाती चोळली. त्याच्या नाकातून पाणी निघालं, श्वास निघाला नाही.

मी तिच्याकडे बघितलं. दहा पावलं. तिच्या फुंकरीला दहा पावलं चालून यायचं होतं. मी ती घालू शकलो असतो का? मी तक्ता वाचलेला माणूस. मला भीती वाटली. हे लिहायला लाज वाटते, पण वाटली. आणि मी बघत असताना तिनं होती तिथूनच ओठ पुढं काढले आणि फुंकर घातली. दहा पावलांवरून, हवेत. थांबली. पुन्हा घातली. तिसरी घातली. पाय जागचा हलवला नाही.

कोकरू उठलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ग्येला पावणा."

मी हातमोजे काढले, कोकरू पुरलं, हात धुतले, सगळं तक्त्यावर होतं तसं केलं. तिनं घड्याळ परत दिलं. रुमालावर दोन ठिकाणी केशरी डाग पडले होते. डोळ्यांतलं पाणी केशरी होतं असं बाई म्हणाल्या होत्या ते मला तोवर खरं वाटलं नव्हतं. तो रुमाल बायकोनं पुष्कळ धुतला. डाग गेले, रुमाल मी ठेवला आहे.

पाचव्या आठवड्यात तिचा ताप गेला. सांजच्याला मी गेलो तर ती घोंगडीवर बसून रिकाम्या रानाकडे बघत होती. चेहरा निवलेला, अंग हलकं झालेलं. म्हणाली, "आता कुणी येत नाय." बरं वाटतंय ना, असं काहीतरी मी बोललो. ती म्हणाली, "बरं वाटतंय की." आणि मग, "बांडीला सांगायचं ऱ्हायलं. सांगून तरी जायला पायजे व्हतं."

आक्काला जाऊन आता दीड वर्ष झालं. आण्यावर, स्वतःच्या घरात, झोपेतच गेली. ताप नव्हता, तो पुन्हा कधी आला नाही. गेल्या दिवाळीनंतर धूळ उठली तेव्हा सवयीनं मी चहा टाकायला सांगितला आणि मग शिपायाला राहू दे म्हणालो. तिच्या जाण्याबद्दल मला फार काही लिहिता येत नाही. ती आठवते ती त्या तापाच्या वर्षीच्या आषाढातल्या एका सकाळची, सरकारी रुग्णालयाच्या लांबलचक बोळातली.

आदल्या संध्याकाळी सुनेला तिथं आणलं होतं. दिवस पुरते भरले होते. आक्काचा सहा आठवड्यांचा डोस संपला होता, रक्त पुन्हा तपासून झालं होतं, बाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं, आजी, तुम्ही बऱ्या झालात. तरी ती दाराजवळ येईना. बोळाच्या दुसऱ्या टोकाला पायरीवर बसून राहिली. बाहेर पाऊस आणि धुकं, बोळात दिवे असून अंधार. लेक येरझाऱ्या घालत होता. मी मध्येच उभा होतो, नेहमीसारखा, बिनकामाचा.

मग आतून रडणं ऐकू आलं. चांगलं ठणठणीत. परिचारिका दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. "मुलगी आहे. वजन चांगलं आहे. आजी कुठंय?"

आक्का उठली. चालत आली, आणि दहा पावलांवर थांबली. बापानं बाळ पाहिलं, रडला, ते सगळं झालं. ती तिथंच. मग तिनं माझ्याकडे बघितलं. सरपंचाला न विचारणारी, चेअरमनला कडी धरायला लावणारी ही बाई मला, व्रणोपचारकाला, विचारत होती.

"घिऊ का, भाऊ?"

मी मान हलवली.

तिनं दोन्ही कडी उतरवली, माझ्याजवळ आली आणि ती माझ्या हातात ठेवली. "धरा." मग बोळाच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पदरानं पुसले, पुन्हा धुतले. बाळ घेतलं. घेतल्यावर तिचं तोंड सवयीनं त्याच्या नाकाशी गेलं, आणि थबकलं. मान न उचलता तिनं नुसते डोळे वर करून मला विचारलं.

"घाला, आक्का," मी म्हणालो.

तिनं फुंकर घातली. नाकात नाही, कपाळावर. इतकी हळू, की पोरीचं जावळ तेवढं हललं. पोरगी रडायची थांबली, तोंड वाकडं केलं आणि शिंकली.

"आली पावणी," आक्का म्हणाली. "बसा आता."

बोळात बसायला काही नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली फरशीवर बसलो. हातात तिची कडी होती, आणि ती अजून ऊन होती.